डार्विनला लिहवत का नव्हतं?

शाळेत मराठीच्या तासाला शिकलेलं 'शक्य क्रियापद' तुम्हाला आठवतं का? 'मी लिहीत नाही' आणि 'मला लिहवत नाही' या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिल्या वाक्यात मी कर्ता आहे, आणि न लिहिण्याची जबाबदारी माझी आहे. दुसऱ्या वाक्यात इच्छा आहे, विषय आहे, कदाचित वेळही आहे, पण शक्ती कुठेतरी अडली आहे. 'रायटर्स ब्लॉक' हा इंग्रजी शब्दप्रयोग १९४०च्या दशकात रूढ झाला. व्हिएन्ना सोडून न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाकडे त्याचं श्रेय जातं. मराठीला त्यासाठी वेगळं नाम घडवावं लागलं नाही, आपलं क्रियापदच ते दुखणं सांगतं.

परदेशात राहून संशोधन करणाऱ्यांना हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. प्रबंध झाला, पदवी मिळाली, आता त्याचं पुस्तक करायचं आहे. फाइल उघडी असते. घरून फोन आला की ख्यालीखुशालीनंतर हमखास एक प्रश्न येतो, "पुस्तक कुठवर आलं?" आपण म्हणतो, "चाललंय." अशा वेळी कुणीतरी सहानुभूतीने सांगतं, "अहो, डार्विनलासुद्धा वीस वर्षं लागली!"

मी ब्रिटनमध्ये पोस्टडॉक करते, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानांवर बऱ्याचदा पडलं आहे. ऐकून बरं वाटतं. पण त्या वीस वर्षांत नेमकं काय झालं हे तारखा लावून पाहिलं, तर त्यातून मिळणारा दिलासा वेगळाच निघतो, आणि सोबत एक इशाराही.

वीस वर्षांचा हिशेब

चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून १८३६ साली इंग्लंडला परतला. जुलै १८३७मध्ये त्याने प्रजाती बदलतात का, या प्रश्नावर पहिली वही उघडली. सप्टेंबर १८३८मध्ये माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना त्याला नैसर्गिक निवडीची किल्ली सापडली. जगू शकतील त्याहून कितीतरी अधिक जीव जन्माला येतात, आणि जे परिस्थितीला अधिक अनुकूल असतात ते टिकतात. तेव्हा त्याचं वय होतं २९.

१८४२च्या उन्हाळ्यात त्याने या सिद्धान्ताचा ३५ पानांचा आराखडा पेन्सिलीने लिहून काढला. १८४४मध्ये तोच वाढवून सुमारे २३० पानांचा निबंध केला आणि त्याची स्वच्छ प्रत गावातल्या मास्तरांकडून लिहवून घेतली. ५ जुलै १८४४ रोजी त्याने पत्नी एमाच्या नावे एक पत्र लिहून ठेवलं. आपला अचानक मृत्यू झाला, तर ४०० पौंड बाजूला काढून आणि योग्य संपादक शोधून हा निबंध छापावा, अशी त्यात विनंती होती. म्हणजे पुस्तक छापायची सोय त्याने स्वतःच्या मरणानंतरसाठी केली होती, हयातीसाठी नाही.

'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध झालं २४ नोव्हेंबर १८५९ रोजी. किल्ली सापडल्यापासून २१ वर्षं, आणि निबंध तयार झाल्यापासून १५.

या खंडाचं लोकप्रिय उत्तर एकच असतं. तो घाबरला. त्याला पुरावाही आहे. जानेवारी १८४४मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरला पत्र लिहिताना डार्विनने आपल्या मताची कबुली खुनाच्या कबुलीसारखी वाटते, असं म्हटलं होतं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये 'व्हेस्टिजेस ऑफ द नॅचरल हिस्टरी ऑफ क्रिएशन' हे उत्क्रांतिवादी पुस्तक निनावी निघालं. ते धडाक्याने खपलं आणि शास्त्रज्ञांनी त्याची सालटी काढली. लेखकाचं नाव, रॉबर्ट चेंबर्स, १८८४पर्यंत अधिकृतपणे बाहेर आलं नाही. घरात एमाची श्रद्धा होती, बाहेर चर्च होतं आणि शरीर तर कायमच कुरकुरत असे. घाबरायला कारणं पुरेशी होती.

पण २००७ साली विज्ञानाचे इतिहासकार जॉन व्हॅन वाय यांनी या कथेलाच हात घातला. डार्विनने भीतीपोटी सिद्धान्त दडवून ठेवला, याला भक्कम पुरावा नाही, असं त्यांनी मांडलं. आपण काय करतो आहोत हे त्याने कितीतरी जणांना सांगितलं होतं. हातातली कामं संपली की मग प्रजातींचा विषय, हा त्याचा क्रम होता, आणि प्रत्येक कामाला त्याच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागत गेला. यावर इतिहासकारांत अजूनही मतभेद आहेत, पण या वादामुळे एक गोष्ट लख्ख झाली. त्या वीस वर्षांत डार्विनची लेखणी थांबलेली नव्हती.

हे त्याच्या पुस्तकांच्या यादीवरूनच दिसतं. १८३९मध्ये प्रवासवर्णन, १८४२मध्ये प्रवाळद्वीपांवरचं पुस्तक, १८४४मध्ये ज्वालामुखी बेटांवरचं, १८४६मध्ये दक्षिण अमेरिकेच्या भूविज्ञानावरचं. मग ऑक्टोबर १८४६मध्ये त्याने बार्नेकल हाती घेतले. बार्नेकल म्हणजे समुद्रातल्या खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटून बसणारे कवचधारी जीव. चिलीच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका विचित्र नमुन्यापासून सुरुवात झाली आणि काम चाललं आठ वर्षं. त्यातली दोन वर्षं आजारपणात गेली. त्यातून जिवंत आणि अश्मीभूत जातींवरचे मिळून चार खंड निघाले आणि १८५३चं रॉयल मेडल मिळालं. वडील रोज सूक्ष्मदर्शकाशी बसतात हे मुलांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की, एका मुलाने शेजारच्या गृहस्थांबद्दल विचारलं म्हणे, "मग ते त्यांचे बार्नेकल कुठे करतात?"

हे काम म्हणजे टाळाटाळ होती का? हूकरने १८४५मध्ये त्याला लिहिलं होतं की, ज्याने पुष्कळ जातींचं बारकाईने वर्णन केलेलं नाही, त्याला प्रजातींच्या प्रश्नावर बोलायचा फारसा अधिकार नाही. हूकरचा रोख दुसऱ्या लेखकावर होता, पण डार्विनने ते स्वतःला लावून घेतलं. बार्नेकलांनी त्याला तो अधिकार दिला. एकाच जातीत किती वैविध्य असतं, हे त्याने तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरीही म्हातारपणी आत्मचरित्रात तोच शंका घेतो की, या कामाला इतका वेळ देणं योग्य होतं का. तयारी कुठे संपली आणि टाळणं कुठे सुरू झालं, हे खुद्द त्यालाही सांगता आलं नाही. आपल्यापैकी कुणाला तरी सांगता येतं का?

मोठ्या पुस्तकाचं ओझं

माझ्या मते खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सप्टेंबर १८५४मध्ये बार्नेकल संपले. आता आड यायला दुसरं काम नव्हतं. डार्विन प्रजातींच्या कामाला लागला, आणि तेही किती हौसेने! त्याने कबुतरं पाळली, लंडनच्या कबुतरबाजांच्या क्लबांचा सभासद झाला. त्याला मद्रासहून वॉल्टर इलियट कबुतरांची कातडी पाठवत होते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ त्याला लांबलचक पत्रं लिहून भारतातल्या प्राण्यांची माहिती पुरवत होते. अकबराच्या दरबारासोबत वीस हजार कबुतरं असत, हेसुद्धा त्याने टिपून ठेवलं आणि पुढे पुस्तकात वापरलं. समुद्र ओलांडून वनस्पती बेटांवर कशा पोचत असतील, हे पाहायला त्याने बिया मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. २८ दिवसांनंतर ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारांच्या बिया रुजल्या.

चार्ल्स लायेल या भूवैज्ञानिक मित्राने सावध केलं. बोर्निओ आणि आसपासच्या बेटांवर फिरणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस याच दिशेने चालला आहे, तेव्हा निदान एक छोटा लेख तरी छापून टाक. ब्लाइथनेही डिसेंबर १८५५मध्ये वॉलेसच्या लेखाकडे लक्ष वेधलं होतं. डार्विनने १४ मे १८५६ रोजी लिहायला घेतलं. पण छोट्या लेखात पुरावे मावेनात. लवकरच त्याने ठरवलं की पूर्ण, मोठं पुस्तकच लिहायचं. प्रत्येक आक्षेपाला उत्तर, प्रत्येक विधानाला दाखला, प्रत्येक दाखल्याला आधार.

जून १८५८पर्यंत दहा-साडेदहा प्रकरणं झाली होती आणि शब्दसंख्या दोन लाखांच्या वर गेली होती. शेवट मात्र दृष्टिपथात नव्हता.

'लिहवत नाही' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोरा कागद येतो. डार्विनचा कागद कधीच कोरा नव्हता. त्याच्याकडे कागद जरा जास्तच होते. त्याला लिहवत होतं, संपवत नव्हतं. कुणी बोटही ठेवू नये असं पुस्तक त्याला लिहायचं होतं आणि असं पुस्तक पुरं होत नसतं. प्रबंधाचं पुस्तक करायला बसलेल्या माणसाला हे सांगायला नको. एक तळटीप नीट करायला जावं तर तिच्यातून तीन नवी पुस्तकं वाचायची निघतात.

'हा फक्त सारांश आहे'

१८ जून १८५८ रोजी टपाल आलं. वॉलेसने मोलुक्काच्या तेर्नाते बेटावरून एक लेख पाठवला होता. हिवतापासारख्या तापात पडल्या पडल्या त्याला माल्थस आठवला, कल्पना सुचली, आणि पुढच्या दोन संध्याकाळी त्याने लेख लिहून काढला, असं त्यानेच नंतर सांगितलं आहे. लेख बरा वाटला तर लायेलला दाखवा, अशी त्याची डार्विनला विनंती होती. डार्विनने तो वाचला. त्याचाच सिद्धान्त, दुसऱ्याच्या अक्षरात.

पुढचे दिवस भयंकर होते. घरात मुलं आजारी होती. २८ जूनला दीड वर्षांचा चार्ल्स वेअरिंग लोहितज्वराने गेला. सात वर्षांपूर्वी दहा वर्षांची ॲनी गेली होती, ती जखम अजून ओली होती. काय करायचं ते डार्विनने लायेल आणि हूकर यांच्यावर सोपवलं. दोघांनी १८४४च्या निबंधातला उतारा, एसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला डार्विनने १८५७मध्ये लिहिलेल्या पत्राचा भाग आणि वॉलेसचा लेख, अशी तीन टिपणं १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीच्या सभेत वाचवली. दोन्ही लेखकांपैकी कुणीही हजर नव्हतं. वॉलेस हजारो मैल दूर होता आणि त्याला विचारलंही गेलं नव्हतं. सभेत खळबळ वगैरे काही झाली नाही. या वर्षात लक्षणीय असा शोध लागला नाही, असं सोसायटीचे अध्यक्ष पुढच्या वर्षी म्हणाले.

मग कुटुंब हवापालटासाठी आइल ऑफ वाइटला गेलं, आणि तिथे २० जुलैला डार्विनने पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी मोठं पुस्तक नाही. सोसायटीच्या नियतकालिकासाठी तीसेक पानांचा सारांश, एवढंच त्याच्या मनात होतं. तीसाची पानं वाढत गेली. नियतकालिकात मावणार नाही हे कळल्यावर सारांशाचं पुस्तक करायचं ठरलं. मार्च १८५९मध्ये शेवटचं प्रकरण झालं. मधली आजारपणं आणि मुद्रितांच्या दुरुस्त्या धरून, तेरा महिने आणि दहा दिवस लागले असा हिशेब त्यानेच दिला आहे. जे वीस वर्षांत झालं नाही, ते तेरा महिन्यांत झालं.

वॉलेसच्या पत्राचा धक्का होता हे खरं. पण धक्क्याने माणूस गारदही होतो. मला त्या 'सारांश' शब्दाची ताकद जास्त वाटते. सारांशात सगळे आधार द्यावे लागत नाहीत. सारांशात 'याची सविस्तर चर्चा पुढे मोठ्या पुस्तकात करीन' असं म्हणता येतं, आणि डार्विन ते वारंवार म्हणतो. अपुरेपणाची परवानगी त्याने स्वतःला त्या एका शब्दातून दिली. सुमारे दीड लाख शब्दांच्या पुस्तकाला तो अखेरपर्यंत सारांशच म्हणत राहिला. शीर्षकातही तो शब्द हवा असा त्याचा आग्रह होता, प्रकाशक जॉन मरे यांनी तो काढायला लावला. मरे यांच्या एका सल्लागाराने तर सुचवलं होतं की, हे सगळं राहू द्या, नुसतं कबुतरांवर लिहा, कबुतरं सगळ्यांनाच आवडतात! सुदैवाने तो सल्ला मानला गेला नाही. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती छापल्या होत्या, आणि पुस्तकविक्रेत्यांनी त्याहून जास्त प्रतींची मागणी नोंदवली.

आणि ते मोठं पुस्तक? पहिल्या भागाच्या मजकुरातून १८६८मध्ये पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांवरचे दोन खंड निघाले. उरलेलं हस्तलिखित थेट १९७५ साली छापलं गेलं, डार्विनच्या मृत्यूनंतर ९३ वर्षांनी. आज ते अभ्यासक सोडून फारसं कुणी वाचत नाही. सारांश मात्र जगभर वाचला जातो.

कामाची रीत

डार्विनने आत्मचरित्रात आपल्या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडं लिहिलं आहे. ते वाचून मला धीर आला, कारण त्यात प्रतिभेचा उल्लेख नाही, नुसती रीत आहे.

आधी तो वाक्य मनात जुळवून मग कागदावर उतरवत असे. पुढे त्याच्या लक्षात आलं की यात वेळ जातो. मग तो पानंच्या पानं जमेल तितक्या वेगाने, अर्धे शब्द तोडून, गचाळ अक्षरात खरडू लागला आणि दुरुस्ती नंतर शांतपणे करू लागला. अशी खरडलेली वाक्यं विचारपूर्वक लिहिलेल्यांपेक्षा पुष्कळदा बरी निघतात, असा त्याचा अनुभव. मोठ्या पुस्तकासाठी आधी दोन-तीन पानांचा ओबडधोबड आराखडा, मग त्याचाच जरा मोठा आराखडा, ज्यात एकेक शब्द एकेका चर्चेच्या जागी उभा. मग एकेक मथळा फुलवायचा. टिपणांसाठी तीस-चाळीस मोठी पाकिटं, चिठ्ठ्या लावलेल्या फळ्यांच्या कपाटांत. तब्येतीमुळे कामाचे तास थोडेच: सकाळी न्याहारीनंतर दीडेक तास, पुन्हा साडेदहा ते बारा, मग 'सँडवॉक' या घरामागच्या वाटेवर फेऱ्या.

लंडनजवळ डाउन गावातलं त्याचं घर आज पाहायला खुलं आहे. मी तिथे गेले होते तेव्हा त्या वाटेवर दोन फेऱ्या मारल्या. वाट आहे साधीच, झाडांमधली. 'ओरिजिन'चं मूळ हस्तलिखित मात्र तिथे सापडणार नाही. छापून झाल्यावर डार्विनच्या लेखी त्या कागदांची किंमत संपली, आणि बरेचसे कागद नाहीसे झाले. जी थोडी पानं उरली, त्यांतली काही उरली ती मुलांनी पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढली म्हणून. इतकी वर्षं जिवाला घोर लावलेला मजकूर, आणि एकदा संपल्यावर तो रद्दी.

कुणाला थांबणं परवडतं?

आता इशाऱ्याविषयी. 'डार्विनलाही वीस वर्षं लागली' असं म्हणताना डार्विनला पगाराची गरज नव्हती, हे आपण विसरतो. वडील सधन डॉक्टर, सासर वेजवुड या मोठ्या कारखानदार घराण्यातलं. १८४२पासून त्याचं स्वतःचं घर होतं, बाग होती, नोकरचाकर होते, आणि मुलं, घर, आजारपण सांभाळणारी एमा होती. करार संपतोय म्हणून कुणी त्याला खोली रिकामी करायला सांगणार नव्हतं.

वॉलेसची गोष्ट उलटी. तो चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला. दक्षिण अमेरिकेतून चार वर्षांनी संग्रह घेऊन परतताना १८५२मध्ये त्याचं जहाज समुद्रात जळालं, आणि संग्रहासह बहुतेक टिपणंही गेली. पुढची आठ वर्षं मलाय द्वीपसमूहात तो पक्षी आणि कीटक पकडून लंडनच्या दलालामार्फत विकत होता, त्यावरच त्याचं पोट होतं. त्याने सव्वा लाखाच्या वर नमुने गोळा केले. इतक्या धबडग्यात दोन संध्याकाळी मिळाल्या, त्यात त्याने लिहून टाकलं आणि पुढच्या बोटीने पाठवलं. त्याला मोठ्या पुस्तकाचं स्वप्न परवडणारं नव्हतं. त्याने डार्विनबद्दल कधी कडवटपणा दाखवला नाही, उलट १८८९मध्ये आपल्या पुस्तकाला 'डार्विनिझम' असं नाव दिलं. तरी सिद्धान्ताला नाव डार्विनचं लागलं. ते रास्तच होतं असं मला वाटतं, कारण पुराव्यांचा डोंगर डार्विनने उभा केला होता. पण डोंगर उभा करायला लागणारा निवांतपणा दोघांत एकाकडेच होता.

दोन-तीन वर्षांच्या करारावर आणि व्हिसाच्या तारखेवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी म्हणून डार्विनची वीस वर्षं उसनी घेऊ नयेत. ती आपल्या नावावर जमा होत नाहीत. घ्यायचे असतील तर त्याचे तेरा महिने घ्यावेत, आणि वॉलेसच्या दोन संध्याकाळी. मनातल्या मोठ्या पुस्तकाला हात जोडून बाजूला बसवावं आणि शेजारी नवी फाइल उघडून तिला 'सारांश' असं नाव द्यावं. तीस पानं, गचाळ अक्षरात, तळटिपांशिवाय. तीसाची पुढे किती होतील ते होतील.

आणि हे करायला कुणाच्या पत्राची वाट पाहू नये. डार्विनच्या घरी ते पत्र आलं त्याच आठवड्यात तो आपल्या मुलाच्या उशाशी बसला होता. संपवायची निकड बाहेरून आली की ती आपल्या सोयीने येत नाही.